गुणपत्रिकेपलीकडील गुण

(वार्षिक स्नेहसंमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



आज पारितोषिके मिळविलेल्या विद्यार्थ्यांचे मी प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. तथापि या मंगल प्रसंगी, पारितोषिकांच्या यादीत ज्यांचे नाव कधीच येत नाही अशा मुलांविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

अमेरिकेतील फिनिक्स शहरात कार्ल हेडन नावाची माध्यमिक शाळा आहे. वस्ती गरिबांची, बहुतेक विद्यार्थी मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतील. तेथील फ्रेडी लाजवर्दी व ॲलन कॅमेरॉन या शिक्षकांनी यंत्रमानव बनविणाऱ्या मुलांचा एक संघ उभा केला. २००४ साली सांता बार्बरा येथील विद्यापीठात पाण्याखाली काम करणाऱ्या यंत्रांची स्पर्धा भरली, तेव्हा त्यांनी आपल्या चार मुलांना मुद्दाम वरच्या गटात उतरविले. त्या गटात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही जगद्विख्यात संस्था होती. हरायचेच तर थोरांकडून हरावे, त्यात उणेपणा नाही, हा गुरुजनांचा विचार.

मुलांचे यंत्र प्लॅस्टिकच्या नळ्यांचे. खर्च सुमारे ८०० डॉलर. सांधे जोडण्याच्या गोंदाला उग्र दर्प येई, म्हणून त्याचे नावच ‘स्टिंकी’ पडले. ऐन स्पर्धेच्या तोंडावर विद्युत्-पेटीत पाणी शिरू लागले. मुलांनी रात्र जागून तारांना पुन्हा डाख दिले आणि पाणी शोषून घेण्यासाठी स्त्रियांच्या उपयोगाचे टॅम्पॉन दुकानातून आणून पेटीत बसविले. उपाय साधा, पण अचूक! निकाल लागला तेव्हा त्या विख्यात संस्थेला मागे टाकून ही चार मुले पहिली आली. तांत्रिक लेखनाचे पारितोषिकही, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या या मुलांनीच मिळविले.

परंतु यशाने वाट मोकळी झाली नाही. मुले रीतसर कागदपत्रांवाचून त्या देशात वाढलेली. त्यांपैकी ऑस्कर व्हास्केझ याने २००९ साली यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली व परवान्यासाठी तो मेक्सिकोस गेला, तो दहा वर्षांच्या प्रवेशबंदीत अडकला. २०१० साली बंदी उठली. पुढे तो अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाला. गुण अंगी असून भागत नाही. पाठीशी कोणीतरी उभे राहावे लागते.

हे सांगताना मला माझा धाकटा बंधू आठवतो. शाळकरी वयात तो घरचा रेडिओ उघडून पुन्हा जुळवीत असे. शालान्त परीक्षेत दोनदा अपयश आले, तेव्हा आम्ही वडीलधाऱ्यांनी त्याची हत्यारे माळ्यावर टाकली आणि त्याला एका पेढीवर चिकटविले. त्याने तक्रार केली नाही. पण पुन्हा पक्कडही हाती धरली नाही. त्या दिवशी आपण काय केले, हे मला फार उशिरा उमगले.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी नम्र सूचना आहे. शिक्षणनिधीतील थोडी रक्कम हत्यारे व सुटे भाग घेण्यासाठी राखून ठेवावी. कार्यालयाची एक खोली रविवारी मुलांना मोकळी करून द्यावी. आपल्यातील सेवानिवृत्त अभियंते व कारागीर बांधवांनी तेथे दोन तास द्यावेत. मुलींनाही तेथे तितक्याच अगत्याने बोलवावे. या खोलीसाठी पहिली वर्गणी माझी व माझ्या बंधूची, दोघांच्या नावे, स्वीकारावी अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.