पुलाआधीचा प्रश्न

सुट्टीत मुंबईहून गाडीने तळकोकणात निघालात, तर मागच्या सीटवरच्या मुलांच्या हाती मोबाइल देण्याआधी जरा थांबा. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्य मार्ग. हे पाच वर्षांचं मूलही चटकन ओळखतं. थोड्या मोठ्याला अंतरांची वजाबाकी द्या.

पण खरी मजा नद्यांची! महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी. सह्याद्रीतून निघालेलं हे पाणी अखेर अरबी समुद्रात जातं. पूल येण्याआधी विचारा, आपण दक्षिणेकडे चाललोय, मग समुद्र कुठल्या हाताला? पाणी कुठून कुठे वाहत असेल? उत्तर सांगून टाकू नका. मुलांना भांडू द्या, चुकू द्या, पुलावरून बघू द्या.

पुढे काळ्या कातळाऐवजी तांबडा जांभा दिसू लागतो. चहाला थांबाल तिथे चिऱ्याच्या भिंतीला मुलांना हात लावू द्या. त्याला एवढी भोकं का, हे ती विचारतीलच. आणि हो, गाडी चालवणाऱ्याला मात्र या खेळात ओढू नका. मूल पेंगुळलं, तर खुशाल झोपू द्या.