पांदणीची वाट आणि जुनी फटफटी



नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आमच्या कारंजा तालुक्यातून जातो आणि त्यावर दुचाकीस मज्जाव आहे. मला त्याचे वैषम्य वाटत नाही. कारण ज्या वाहनाविषयी मी आज आपणांपुढे बोलणार आहे, ते ज्या वाटेसाठी घडवले गेले, ती वाट महामार्गाच्या कितीतरी आधीची, कामरगावच्या वेशीबाहेर पडून पऱ्हाटीच्या आणि तुरीच्या वावरांमधून वळणे घेत, नाल्यात उतरून पलीकडच्या टेकाडावर चढणारी आणि सरतेशेवटी पळस-सागाच्या विरळ रानाला जाऊन भिडणारी, अशी आमची पांदण आहे.

वाहन म्हणजे हीरोची इम्पल्स. होंडाशी असलेली भागीदारी संपुष्टात आल्यावर हीरोने केवळ स्वतःच्या नावाने ज्या पहिल्यावहिल्या गाड्या २०११ साली बाजारात आणल्या, त्यांपैकी ही एक. ब्राझीलमध्ये होंडाची ब्रॉस नावाची गाडी कच्च्या रस्त्यांवर चालते, तिच्याच कुळातली. दीडशे सीसीचे, हवेने थंड होणारे फोर-स्ट्रोक इंजिन, तेरा अश्वशक्तीचा माफक जोर, पुढचे चाक एकोणीस इंची, आणि मडगार्ड चाकापासून चांगले वर उचललेले. लोकांनी तिला फारसा आश्रय दिला नाही, काही वर्षांतच तिचे उत्पादन थांबले, आणि २०१९ साली त्याच घराण्याची दोनशे सीसीची एक्सपल्स आली. माझी गाडी २०१२ च्या नोंदणीची. मी ती सेकंडहँड घेतली, तेव्हा तिच्या टाकीवरचा रंग मांड्यांच्या घर्षणाने दोन्ही बाजूंस पार उडालेला होता. तो मी अद्याप तसाच ठेवला आहे.

या भागात रानावनातून फटफटी फिरवण्याची परंपरा राजदूतची. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात भुजादंडाच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, प्रत्येक फेऱ्यास स्फोट होतो, म्हणून त्याची उसळी मोठी. निकोलस ओटोने १८७६ मध्ये सिद्ध केलेल्या चार टप्प्यांच्या इंजिनात, म्हणजे मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे या क्रमात, दोन फेऱ्यांमागे एकच स्फोट घडतो, म्हणून ते संथ. परंतु ज्यास पांदणीने जायचे आहे, त्याने या संथपणाचे मोल चढावर नव्हे, उतारावर ओळखावे. नाल्याच्या काठावर पहिला गिअर टाकून अॅक्सिलरेटर मिटला, की सिलिंडरात येणारी हवा जवळजवळ बंद होते, दट्ट्याला पोकळीविरुद्ध झगडत खाली यावे लागते, आणि ते सारे ओझे चाकावर येऊन गाडी ब्रेकला हात न लावता पावलापावलाने उतरते. भरलेली बंडी उताराला लागली म्हणजे बैल जू मानेवर पेलून, खूर रोवून सारा भार कसा मागे धरतात, हे ज्याने पाहिले आहे त्यास याहून अधिक सांगण्याची गरज नाही. राजदूतला हे साधत नसे. शिवाय तिचे वंगण पेट्रोलातच मिसळलेले असल्यामुळे, लांब उतारावर पेट्रोल अडवले की वंगणही अडत असे. फोर-स्ट्रोकच्या पोटात तेल निराळे असते, ते उतारावरही फिरत राहते.

काळ्या मातीची गोष्ट मात्र निराळी आहे आणि तिच्यापुढे इंजिनाचे काही चालत नाही. पहिल्याच वर्षी, मृगाच्या दोन सरी पडून गेल्यावर, मी उतावीळपणे पांदणीत शिरलो. शंभर पावलांच्या आत मागच्या टायरवर मातीचा थर चढला, थरावर थर बसत तो मागच्या मडगार्डला जाऊन भिडला, आणि चाक असे जखडले की क्लच सोडताच इंजिन धापकन बंद पडले. मी पळसाची फांदी मोडून माती खरवडू लागलो, तो मागून बंडी घेऊन येणारे एक वृद्ध गृहस्थ उतरले, टायरला त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिले आणि म्हणाले, “घाई कायले करतं बाप्पा? वाळू दे जरासक. वाळला का आपसूकच खपल्या पडतेत.” आम्ही बाभळीखाली बसलो. पाऊण तासाने मातीच्या खरोखरच खपल्या निघाल्या, गुळाच्या ढेपेचे तुकडे पडावेत तशा. तेव्हापासून पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस कडक ऊन पडेतो मी गाडी पांदणीत घालीत नाही. ओल्या मातीत चाकाने पाडलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि पुढे महिनाभर बैलांच्या खुरांना तीच बाधते, हेही मला त्यांनीच सांगितले.

जुन्या गाडीची निगा हे स्वतंत्र शास्त्र आहे. दोन महिने गाडी उभी राहिली, की कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाऊन त्याचा चिकट थर बारीक जेटमध्ये साठतो; आताशा पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते, त्यामुळे हा उपद्रव वाढला आहे. जेट सोडवून उजेडासमोर डोळ्याशी धरावा. सुईच्या टोकाएवढा प्रकाशबिंदू दिसला तर ठीक, नाहीतर तांब्याच्या वायरीतला एकच केस सोलून हलक्या हाताने त्यातून ओवावा. टॅपेटची फट मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास, आणि तीही इंजिन पूर्ण थंड असतानाच तपासायची. कुसळीचे गवत वाळले, की त्याचे तूस एअर फिल्टरच्या तोंडाशी जमते आणि चेनभोवतीही गुंडाळले जाते. याहून धोक्याची गोष्ट म्हणजे तापलेल्या सायलेन्सरला टेकलेले वाळके गवत. फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत मी गाडी गवतात कधीच उभी करीत नाही, मोकळी जमीन सापडेपर्यंत पुढे जातो. रानाला लागलेला वणवा विझवायला मी गेलो आहे आणि त्याची धग माझ्या भुवयांनी सोसली आहे.

आता वाटेच्या हक्काविषयी. गावनकाशावर एकेरी तुटक रेषा म्हणजे पाऊलवाट आणि दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट. वऱ्हाडची जमाबंदी करणाऱ्या अंमलदारांनी ज्या वहिवाटी पाहिल्या, त्या दप्तरात अशा उमटल्या. प्रत्यक्षात वावराचा धुरा, म्हणजे बांध, दरसाल वीतभर वाटेत सरकतो आणि जेथून दोन बंड्या जात, तेथून आज एक कशीबशी जाते. अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याने तहसीलदारास दिला आहे, आणि पांदणीने नित्य जाणाऱ्या प्रत्येकाने, मग तो नांगर घेऊन जावो की फटफटी, अशा मागणीच्या अर्जावर सही करणे मी कर्तव्य मानतो.

परंतु ती दुहेरी रेषा जेथे संपते तेथे आपला हक्कही संपतो. राखीव वनात विनापरवाना शिरणे हा १९२७ च्या वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि कारंजा-सोहोळ अभयारण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. सुमारे अठरा चौरस किलोमीटरचे ते माळरान काळविटांचे आहे. काळवीट पळतो तो नजरेच्या भरवशावर. मोकळे गवत हेच त्याचे कवच आहे, आणि व्यालेली मादी पाडसाला गवतात दडवून दूर चरत असते. त्या गवतात चाक घालणारा किती शांत इंजिनाचा मालक आहे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. वनखात्याचा दगड दिसला की मी गाडी वळवतो.

गाडीच्या नोंदणीस १५ वर्षे २०२७ साली पूर्ण होतील; नंतर वाशीमच्या परिवहन कार्यालयात तपासणी होऊन पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते. त्याआधी चेन-स्प्रॉकेट बदलायचे आहे, पुढच्या सस्पेन्शनचे तेलसील गळते आहे ते पाहायचे आहे, आणि मागच्या ब्रेकचे लायनर झिजले आहेत. टाकीचा रंग तेवढा तसाच राहील.