किशोरवयीनांचे हास्य आणि पिण्याचे पाणी



‘हसतील त्यांचे दात दिसतील’ अशी मराठीत एक म्हण आहे. लोकांच्या हसण्याची पर्वा करू नये, असा तिचा आशय. परंतु ज्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असते, तेथील शाळांमधून या म्हणीचा उलटाच प्रत्यय येतो. आपले दात दिसतील या भीतीने तेथील कित्येक मुलेमुली मोकळेपणी हसतच नाहीत. बोलताना हात तोंडाशी जातो आणि छायाचित्र काढताना ओठ मिटलेले राहतात.

या विकाराचे नाव दंत-फ्लोरोसिस. तो सौम्य असताना दातांवर खडूसारख्या पांढऱ्या रेषा दिसतात. तीव्रता वाढली की पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि अतितीव्र अवस्थेत दातांच्या पृष्ठभागावर खाचा पडून त्याचे टवके निघतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याचे लक्ष १९०१ च्या सुमारास अशा डागांकडे गेले. त्यांचे कारण पाण्यातील फ्लोराइड हे आहे, हे निश्चित होण्यास मात्र १९३१ साल उजाडावे लागले. भारतात या विकाराची पहिली नोंद १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात झाली. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना या प्रश्नाने दीर्घकाळ ग्रासले आहे.

खडकांतील खनिजांत फ्लोराइड असते. भूगर्भात दीर्घकाळ साठलेल्या पाण्यात ते हळूहळू विरघळते. म्हणून उथळ विहिरींपेक्षा खोल विंधणविहिरींच्या पाण्यात त्याचे प्रमाण अनेकदा जास्त आढळते. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी विंधणविहिरी खोदून हातपंप बसविण्यात आले. त्यांनी लक्षावधी लोकांची तहान भागविली आणि नारूसारख्या रोगाच्या निर्मूलनासही हातभार लावला. त्या विहिरींचे ऋण मान्य करूनच त्यांपैकी काहींच्या पाण्यातील हा अदृश्य दोष लक्षात घ्यावयास हवा. फ्लोराइडला रंग नाही आणि पिण्याच्या पाण्यात एरवी आढळणाऱ्या प्रमाणात त्याची चव वा वासही जाणवत नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते.

या विकाराचे एक वैशिष्ट्य समजून घेणे अगत्याचे आहे. डाग दिसतात ते कायमचे दात आल्यावर. पण ते पडतात त्याच्या कितीतरी आधी, हिरड्यांच्या आत दातांचे कवच घडत असताना. अक्कलदाढा सोडल्यास कायमच्या दातांचे कवच जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत तयार होते. वरच्या पटाशीच्या दातांच्या दृष्टीने तर दुसरे व तिसरे वर्ष विशेष नाजूक असते. म्हणजे चौदाव्या वर्षी आरशात दिसणारा डाग हा बाळपणी प्यालेल्या पाण्याचा लेख होय. कवच पूर्ण झाल्यावर असे डाग नव्याने पडत नाहीत. आणि जे पडले आहेत ते घासून जात नाहीत. राखुंडी, विटकरीची भुकटी किंवा मीठ घेऊन दात खरवडणारी मुले फक्त आपल्या दातांची झीज करून घेतात.

तरीही दोष मुलांच्याच माथी मारला जातो. दात घासत नाहीस, गुटखा खातोस का, असे शब्द त्यांना ऐकावे लागतात. जे आपण केले नाही त्याबद्दल लाज बाळगण्याची पाळी ऐन वयात येताना यावी, ही या विकाराची खरी वेदना होय. किशोरवय हे स्वतःच्या रूपाविषयी अत्यंत हळवे वय असते. मुलीच्या बाबतीत तर पुढे सोयरिकीच्या बोलण्यातही दातांचा उल्लेख निघतो.

ही वेदना मोजण्याचा प्रयत्नही शास्त्राने केला आहे. कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी २००२ मध्ये ११ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी एक प्रश्नावली सिद्ध केली. दुखणे व खाण्यातील अडचण यांबरोबरच हसणे टाळले का, वर्गात मोठ्याने वाचावयास किंवा बोलावयास नको वाटले का, इतरांनी चिडविले का, असे प्रश्न तीत आहेत. अशा साधनांनी झालेल्या अभ्यासांतून सामान्यतः असे दिसते, की सौम्य डागांचा मुलांच्या जीवनमानावर फारसा परिणाम होत नाही. तीव्र डागांचा मात्र होतो. तेव्हा सौम्य डागांचा बाऊ करू नये आणि तीव्र डागांकडे दुर्लक्षही करू नये.

तीव्र डागांवर उपचार आहेत. वरचा डागाळलेला पातळ थर काढणे, दाताच्या रंगाचे भरण करणे किंवा दातावर कृत्रिम आवरण बसविणे यांपैकी योग्य तो उपाय दंतवैद्य ठरवितात. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. २०१३ मध्ये पालघर येथून प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथके शाळाशाळांतून मुलांची तपासणी करतात. त्या वेळी अशा मुलांची नोंद व्हावी यासाठी शिक्षकांनी पुढाकार घ्यावा.

परंतु उपचार डागाळलेल्या मुलासाठी आहे. त्याच्या पाठच्या भावंडासाठी शुद्ध पाणी हाच उपाय. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. अल्प प्रमाणात हेच द्रव्य दातांना किडीपासून वाचविते. घात होतो तो अतिरेकाने. फिटकरी, चुना व ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड कमी करण्याची ‘नालगोंडा’ पद्धती नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, विकसित केली. मात्र मात्रा पाण्याच्या तपासणीनुसार ठरवावी लागते. घरी अंदाजाने हा प्रयोग करू नये. केंद्र शासनाने २००८-०९ मध्ये फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि २०१९ पासूनच्या जल जीवन मिशनमध्ये पाण्याची गुणवत्ता बाधित असलेल्या वस्त्यांना प्राधान्य देण्यात आले.

योजना आली, संयंत्र बसले, म्हणजे काम संपले असे मात्र नाही. गाळणीतील माध्यम वेळेवर न बदलल्याने किंवा विजेचे देयक थकल्याने शुद्धीकरण संयंत्र दोन वर्षे बंद पडले, तर त्या दोन वर्षांत दात घडत असलेल्या बालकांवर त्याची खूण उमटते. ती खूण सहा-सात वर्षांनी दिसू लागेल, तोवर ग्रामपंचायतीचे सदस्यही बदललेले असतील. मुलांच्या दातांवर गावाच्या पाण्याचा हिशेब असा लिहिला जातो आणि तो पुसता येत नाही.

म्हणूनच प्रत्येक बाधित गावाने पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामसभेत वाचावा. दोषी ठरलेल्या हातपंपाचे पाणी धुण्याभांड्यांसाठी वापरावे. पिण्यास व स्वयंपाकास वापरू नये. गरोदर माता व आठ वर्षांखालील बालके असलेल्या घरी शुद्ध पाणी सर्वप्रथम पोहोचावे. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसते. ते स्वच्छ छपरावरून साठवून, निर्जंतुक करून वापरता येईल. आणि शाळेत एखाद्या मुलाचे दात पिवळे दिसले, तर त्याला बोल लावण्यापूर्वी त्याच्या गावचे पाणी तपासले आहे काय, एवढे विचारावे.