आधीचं लग्न संपल्याचा कागद कुठे आहे?

आजचा विषय मी मुद्दाम लहान निवडला आहे. तलाकवर आपण पुष्कळ बोलतो. आज मी तलाकनंतरच्या एकाच अडचणीवर बोलणार आहे. एक लग्न झालं, ते मोडलं, काही वर्षांनी दुसरं स्थळ आलं, ते ब्रिटनमधलं निघालं आणि आता नवऱ्याकडे जायला व्हिसाचा अर्ज भरायचा आहे. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांचे नातेवाईक बर्मिंगहॅमला आणि आसपास आहेत. तिकडून स्थळं येतात, घटस्फोटित मुलींनाही येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यानंतर मात्र या मुली ज्या भीतीत महिने काढतात, ती भीती बऱ्याचदा चुकीच्या गोष्टीची असते.

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: "मॅडम, पहिलं लग्न सांगितलं तर व्हिसा नाकारतील का? न सांगता चालेल का?" घरातली मोठी माणसंही हेच सुचवतात. "कशाला उकरून काढायचं? लहान वयातलं होतं, सहा महिनेसुद्धा टिकलं नाही." एजंट तर त्याहून पुढे जातो आणि अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्रच करून देतो.

पहिलं लग्न होतं म्हणून व्हिसा नाकारावा, असा ब्रिटनमध्ये कुठलाही नियम नाही. दोनदा, तीनदा लग्न झालेल्यांनाही व्हिसा मिळतो. आधीचं नातं कायमचं संपलेलं असावं आणि आताचं लग्न कायद्यानं वैध असावं, एवढंच तिथला नियम सांगतो. अर्जात आधीच्या लग्नाची माहिती विचारलेली असते, तिथे ती भरायची. लपवलं तर मात्र प्रकरण वेगळं होतं, कारण खोटी माहिती देणं हे अर्ज नाकारण्याचं स्वतंत्र कारण आहे आणि तो शेरा पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी समोर येतो. शिवाय लपवायचं तरी कसं? आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांच्या नावांखाली जोडीदाराचं नाव असतं. आधारच्या पत्त्यात, रेशनकार्डावर, मतदारयादीत, बँकेच्या खात्यात कुठे ना कुठे तो पहिला नवरा बसलेलाच असतो. आणि मुलगी सोबत न्यायची असेल, तर तिच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव असणारच.

खरी अडचण वेगळीच आहे. लग्न झाल्याचा कागद आपल्याकडे असतो, पण ते संपल्याचा नसतो. निकाहनामा असतो, जमातीच्या रजिस्टरात नोंद असते, दावतीचे फोटो असतात. तलाक मात्र अंगणात होतो, फोनवर होतो, नाहीतर मामाच्या तोंडून निरोप येतो. पाचसात पुरुष बसतात, मेहर आणि दागिन्यांचा हिशेब होतो, मुलगी माहेरी येते. तिच्या हातात काय असतं? असलाच तर एक तलाकनामा, स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला. हा कागद आपण फारसा वाचत नाही. आज जरा वाचू.

त्यात बहुतेक वेळा असं लिहिलेलं असतं: मी अमुक तारखेला, साक्षीदारांसमोर, माझ्या पत्नीला तलाक, तलाक, तलाक दिला. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो प्रकरणात एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९च्या कायद्याने तो बोलणं, लिहिणं, पाठवणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. म्हणजे २०१७नंतरच्या तारखेचा असा तलाकनामा काय सिद्ध करतो? लग्न मोडलं, हे तो सिद्ध करतच नाही. नवऱ्याने गुन्हा केला आणि लग्न अजून शाबूत आहे, एवढंच त्यातून दिसतं. आपली मुलगी हाच कागद आपण मोकळ्या असल्याचा पुरावा म्हणून फाइलला लावते!

बरं, तिहेरी नसला तरी नुसतं "तलाक दिला" लिहून भागत नाही. २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात सांगितलं की तलाकला वाजवी कारण हवं आणि त्याआधी दोन्ही घरांकडून एकेक मध्यस्थ नेमून समेटाचा प्रयत्न झालेला हवा. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने औरंगाबादच्या दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात हेच आपल्या राज्यापुरतं स्पष्ट केलं: तलाक दिला म्हणणाऱ्या नवऱ्याने तो नीट दिल्याचं सिद्ध करावं. रहिमबी पोटगीसाठी लढत होती. पण तिच्या खटल्यातली कसोटी आज व्हिसाच्या कागदालाही लागते, कारण ब्रिटन पहिला प्रश्न हाच विचारतं की हा घटस्फोट भारतात तरी वैध आहे का.

आता त्यांच्या बाजूचा कायदा पाहू. थोडा किचकट आहे, पण इथेच सगळं अडतं. ब्रिटनमध्ये १९८६चा फॅमिली लॉ ॲक्ट आहे. परदेशातल्या घटस्फोटांचे तो दोन प्रकार करतो. एक, न्यायालयात किंवा तशाच अधिकृत प्रक्रियेतून झालेले. दुसरे, अशा प्रक्रियेशिवाय झालेले. पहिल्या प्रकाराला मान्यता सहज मिळते. भारतात तोंडी किंवा तलाकनाम्यावर झालेला तलाक दुसऱ्या प्रकारात पडतो आणि तिथे अटी कडक आहेत. तो जिथे झाला त्या देशात वैध हवाच. पण आणखी एक अट अशी की घटस्फोटाआधीचं सबंध वर्ष नवरा-बायकोपैकी कुणीही ब्रिटनमध्ये राहत असता कामा नये.

याचा अर्थ आपल्या घरात उतरवून पाहा. समजा, मुलीचा पहिला नवराही ब्रिटनमध्येच राहणारा होता. तीन आठवड्यांची रजा काढून तो महाडला आला, सगळे बसले, अगदी शरीयतप्रमाणे रीतसर तलाक दिला आणि परत गेला. भारतात तो टिकेल. ब्रिटन तो मानणार नाही. म्हणजे तिथल्या कायद्यात ही मुलगी अजून त्याचीच बायको. पुढे बर्मिंगहॅमच्याच दुसऱ्या मुलाशी तिचं लग्न होतं, आणि व्हिसाच्या टेबलावर हे दुसरं लग्नच संशयात सापडतं. तिची चूक एवढीच की तिच्यासाठी कोर्टाची पायरी कुणी चढली नाही.

नवरा ब्रिटनमध्येच बसून तलाक बोलला असेल, तर त्या कायद्यात प्रश्नच उरत नाही. तिथल्या भूमीवर दिवाणी न्यायालयाशिवाय कुणीही दिलेला घटस्फोट धरला जात नाही. तिथल्या शरिया कौन्सिलचं प्रमाणपत्र धार्मिक बाजूने उपयोगी असेल, पण नोंदणी झालेलं लग्न त्याने संपत नाही. आपल्याकडेही वेगळं नाही. २०१४मध्ये विश्व लोचन मदन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दारुल कझाचा निर्णय आणि फतवा यांना कायद्याचं बळ नाही. कुणाच्या श्रद्धेला दुखवायला मी हे सांगत नाही. काझींचा कागद जपून ठेवा, पण तो एकटा पुरेल असं समजू नका.

आतापर्यंत मुलीच्या कागदांबद्दल बोललो. आपण नेहमी तिचेच कागद तपासतो. मुलाचे कोण तपासतं? "त्याचंही पहिलं लग्न होतं, पण तलाक झाला," एवढ्यावर आपण विश्वास ठेवतो. त्याचं पहिलं लग्न तिथे नोंदलेलं असेल आणि त्याने फक्त तोंडी तलाक दिला असेल, तर इंग्लंडच्या कायद्याने तो अजून विवाहित आहे. कायमचं घर इंग्लंडमध्ये केलेल्या विवाहित पुरुषाने इथे येऊन दुसरा निकाह केला, तर भारतातल्या मुस्लिम कायद्यात तो चालतो, पण इंग्लंडमध्ये ते लग्न रद्दबातल. अशा लग्नावर व्हिसा मिळत नाही. मुलीला हे कळतं तेव्हा निकाह झालेला असतो, मेहर ठरलेली असते, कधी ती गरोदरही असते.

म्हणून निकाहआधी एकच गोष्ट मागा: तिथल्या न्यायालयाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश. एप्रिल २०२२ आधीच्या घटस्फोटांत त्याला डिक्री ॲब्सोल्यूट म्हणत, आता फायनल ऑर्डर म्हणतात. कंडिशनल ऑर्डर दाखवली तर ती पुरेशी नाही. ती अर्ज केल्यापासून निदान वीस आठवड्यांनी मिळते, आणि त्यानंतर आणखी सहा आठवडे गेल्यावरच अंतिम आदेश मागता येतो. तोवर तो माणूस विवाहितच आहे. मुलाकडचे रागावतील, अविश्वास दाखवला म्हणतील. रागावू द्या. शुल्क भरून या आदेशाचा शोध तिथे घेता येतो. आणि त्याचं पहिलं लग्न तिथे फक्त निकाह होतं, नोंदणीच नव्हती, असं तो म्हणत असेल, तर २०२०च्या अख्तर विरुद्ध खान निकालानंतर असा निकाह तिथे बहुधा कायदेशीर लग्नच धरला जात नाही. त्या पहिल्या बाईच्या पदरी काय पडलं, हा दुःखाचा वेगळा विषय आहे.

मग आपल्या मुलीने करायचं काय? कोर्टात जायचं, आणि शक्य तर दुसऱ्या निकाहाच्या आधी. १९३९चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा स्त्रीसाठीच केलेला आहे. नवऱ्याने दोन वर्षं खर्च दिला नाही, तीन वर्षं विनाकारण संसाराची जबाबदारी पाळली नाही, छळ केला, चार वर्षं त्याचा पत्ता नाही, अशी कारणं त्यात आहेत. बेपत्ता नवऱ्याच्या कारणावर मिळालेला हुकूम सहा महिन्यांनी लागू होतो, त्या काळात तो परत येऊन नांदायला तयार झाला तर न्यायालय हुकूम रद्द करू शकतं. हे गणित निकाहाची तारीख धरताना लक्षात ठेवा. या कायद्याखालचा हुकूम म्हणजे न्यायालयातून झालेला घटस्फोट, आणि ब्रिटनसाठी सर्वांत सुरक्षित कागद तोच.

दोघांच्या संमतीने मुबारत झाली असेल किंवा खुला झाला असेल, तर कुटुंब न्यायालय कायदा १९८४च्या कलम ७खाली वैवाहिक स्थितीचं घोषणापत्र मागता येतं. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालयात जायचं. केरळ उच्च न्यायालयाने २०२१मध्ये न्यायालयाबाहेरच्या या मार्गांचा स्त्रीचा हक्क मान्य केला आणि अशा घटस्फोटावर कुटुंब न्यायालयाने फार खोलात न जाता शिक्कामोर्तब करावं, असं सांगितलं. फक्त एक फरक ध्यानात घ्या. घोषणापत्र सांगतं की घटस्फोट अमुक तारखेला होऊन गेला. दोघंही भारतातच राहत असतील तर त्याने काम भागतं. पहिला नवरा ब्रिटनमध्ये राहणारा असेल तर एका वर्षाची ती अट पुन्हा आडवी येऊ शकते. तिथे १९३९च्या कायद्याचाच रस्ता धरा.

तारखांकडे लक्ष द्या. तलाकची तारीख, इद्दत आणि दुसऱ्या निकाहाची तारीख एका कागदावर खालोखाल लिहून पाहा. इद्दत संपायच्या आत निकाह झालेला दिसला, तर तुम्हीच प्रश्नाला आमंत्रण दिलं. जुनी तारीख टाकून तलाकनामा करून देणारे महाभाग गावोगावी आहेत. स्टॅम्प पेपरच्या मागे विक्रीची तारीख असते, हे त्यांना कसं सुचत नाही कोण जाणे. विधवांचं त्यामानाने सोपं आहे: मृत्यूचा दाखला हवा. नवरा आखातात वारला असेल तर तिथला दाखला आणि वकिलातीची नोंद शोधून ठेवा. उर्दू किंवा मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा.

मूल सोबत न्यायचं असेल तर कामाला आधीच लागा. मुलाचा बाप हयात असेल, तर त्याच्या संगोपनाची सगळी जबाबदारी तुम्ही एकट्याच सांभाळता, हे दाखवावं लागतं. शाळेच्या दाखल्यावर कुणाची सही, दवाखान्यात कोण नेतं, पैसे कोण भरतं, असे साधे पुरावे लागतात. पालकत्वाचा न्यायालयाचा आदेश असेल तर फाइल पुष्कळ भक्कम होते. बापाच्या संमतीच्या चिठ्ठीसाठी त्याच्या घरी खेपा घालणाऱ्या, त्या बदल्यात मेहरचा हक्क सोडून देणाऱ्या बायका मला माहीत आहेत. वकिलाला विचारल्याशिवाय असली सही करू नका.

बाकीच्या अटी पहिलं लग्न असो की दुसरं, सगळ्यांना सारख्याच: एप्रिल २०२४पासून नव्या अर्जाला वर्षाला २९,००० पौंडांचं उत्पन्न, इंग्रजीची परीक्षा, क्षयाची तपासणी, आणि दोघं प्रत्यक्ष भेटलेले असणं. घटस्फोटानंतर लवकर लग्न केलं तर ते खरं नाही असं समजतील, ही भीतीही मी ऐकते. प्रश्न विचारतील. ओळख कशी झाली, कोण मध्ये होतं, पहिल्या लग्नाबद्दल नवऱ्याला काय माहीत आहे. म्हणून नवऱ्यालाही सगळं सांगितलेलं असू द्या. दोघांच्या अर्जांत पहिल्या लग्नाच्या दोन वेगळ्या तारखा आल्या, तर खऱ्या संसारावरही संशय येतो.

आता ज्या बहिणींनी कागद सोबत आणले आहेत, त्यांनी मागे थांबा, एकेक करून पाहू. मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका, माझ्यासुद्धा. झेरॉक्स पुरेल.