बँकेपेक्षा शेजारी बरा

(रौप्यमहोत्सवानिमित्त 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेले भाषण)



निवृत्त बँक अधिकारी बोलायला उभा राहिला की लोकांना वाटते, आता हा मुदत ठेवींवर बोलणार. घाबरू नका. मी पटावरच्या खेळांवर बोलणार आहे, आणि तेही नव्या खेळांवर.

आपल्या पिढीला पट काही नवा नाही. वर्ध्याचे मे महिन्यातले ऊन मी तुम्हाला काय सांगावे! दुपारी ओसरीवर खडूने चौकटी आखायच्या आणि चिंचोक्यांनी चंगाअष्टा खेळायचा. पुढे 'व्यापार' आला. त्याची खोड सर्वांना ठाऊक आहे. तासाभरात एकाचे दिवाळे निघते, तो रुसून उठतो, आणि बाकीचे रात्रीपर्यंत भाडे मोजत बसतात. गंमत अशी की 'व्यापार' ज्या 'मोनोपॉली'वरून आला, तिचे मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या खेळात आहे. त्यांनी त्याचे पेटंट १९०४ साली घेतले. जमीन एकाच्या हाती गेली की बाकीच्यांचे काय होते, हे लोकांना दिसावे म्हणून त्यांनी तो केला होता. आपल्या पवनारच्या विनोबांनी ज्या प्रश्नासाठी गावोगाव पायपीट केली, तोच हा प्रश्न. पण लोकांनी शिकवण सोडली अन् भाडे तेवढे धरून ठेवले!

नव्या खेळांनी ही खोड काढून टाकली. माझ्या नातवाने पुण्याहून 'कॅटान' आणला. क्लाउस टॉयबर या जर्मन गृहस्थांनी तयार केलेला हा खेळ १९९५ साली बाजारात आला. एक बेट असते. त्यावर रस्ते बांधायचे, वस्त्या वसवायच्या. त्यासाठी लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज लागते. ज्याचे दहा गुण आधी होतील तो जिंकला. तास-दीड तासात डाव संपतो आणि मधेच कोणी बाद होत नाही. शेवटचा फासा पडेपर्यंत चौघेही जागेवर.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. या खेळात बँक आहे. तुमच्याजवळ वीट नसेल, तर बँक देते. पण चार वस्तू घेऊन एक देते. एवढा भाव आमच्या शाखेनेही कधी लावला नाही! शेजारी मात्र एकाला एक देऊ शकतो. फक्त त्याच्याशी बोलावे लागते. तोंड मिटून बसणारा या खेळात मागे पडतो, आणि सगळ्यांना नाडणाराही मागे पडतो, कारण पुढच्या वेळी त्याला कोणी काही देत नाही. परवा तिसऱ्या मजल्यावरची सहावीतली मुलगी मला म्हणाली, "आबाजी, तुमचा भाव जास्त आहे, मी काकूंकडून घेते." घेतलीही, आणि जिंकलीही.

डाव संपल्यावर खरी मजा सुरू होते. कोणाची वस्ती चुकीच्या जागी बसली, कोणी रस्ता अडवला, यावर अर्धा तास चर्चा चालते. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहा वेळा सात येतात, सहा आणि आठ पाच-पाच वेळा, तर दोन आणि बारा एकेकदाच. हे मुलांनी वहीत मांडले. गणिताच्या शिकवणीत कंटाळणारा मुलगा इथे मला हिशेब समजावतो.

'पँडेमिक' नावाचा खेळ तर २००८ सालचा, म्हणजे कोरोनाच्या कितीतरी आधीचा. त्यात आपसात स्पर्धाच नाही. सगळे मिळून रोगाची साथ रोखायची. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. सहकार म्हणजे काय, हे मुलांना आपल्या उपविधींपेक्षा यातून लवकर कळेल.

आता मुद्द्याचे बोलतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा पाण्याच्या निमित्ताने का होईना, रोज एकमेकांच्या दारात उभे राहत होतो. आज नळाला पाणी आहे, पण निमित्त गेले. मुले पुण्याला, कोणाची परदेशात. काही घरांत एकेकटीच माणसे आहेत. टीव्ही बंद केला की घरात आवाज नाही. आणि खालचा हॉल? गणपती आणि वार्षिक सभा सोडली तर वर्षभर कुलपात!

माझी कार्यकारिणीला विनंती आहे, दर रविवारी पाच ते सात हॉल उघडा. दोन टेबले आणि आठ खुर्च्या पुरेत. हे खेळ महाग असतात खरे, एकेक दोन-तीन हजारांपर्यंत जातो. पण तो वर्गणीतून एकदाच घ्यायचा आहे. ज्यांना नवे शिकायचे नसेल त्यांनी चंगाअष्टा घेऊन यावे, चिंचोके मी आणतो. नियम मुले शिकवतील; आपण शिकायला बसलो तर त्यांनाही बरे वाटेल. एकच अट आहे. ज्यांच्या घरी एकटे माणूस असेल, त्याला शेजाऱ्याने बोलावून आणायचे. नुसती नोटीस लावून असे माणूस खाली उतरत नाही. दाराची बेल वाजवावी लागते.

चाळीस वर्षे बँकेत काढलेला माणूस सांगतो आहे: बँकेत चाराला एक, शेजाऱ्याकडे एकाला एक. हिशेब तुम्हीच करा.