कुर्ल्याची फियाट भातकुलीत
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'ती गाडी कशी आणली?' सकाळपासून हाच प्रश्न मला पन्नास जणांनी विचारला, म्हणून एकदाच सगळ्यांसमोर सांगतो. ज्यांना पुढेमागे अशी जुनी मोटार आणायची असेल त्यांनी नीट ऐकावं, बाकीच्यांनी जेवणाच्या वासावर लक्ष ठेवायला हरकत नाही.

आपल्या बॅचच्या आम्ही चौघांनी वर्गणी केली. कल्पना एवढीच होती, की सरांना आणि बाईंना आज घरून घेऊन यायचं ते आपण दहावीला बसलो त्या वर्षीच्या, म्हणजे १९८६ च्या गाडीतून. आपल्या लहानपणी भातकुलीत मोटार आली म्हणजे एकतर अ‍ॅम्बेसेडर किंवा फियाट. 'फियाट' आपण म्हणायचो, बॉनेटवर नाव असायचं प्रीमियर पद्मिनी. मूळ इटालियन फियाट ११००, पण बनायची मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. इंजिन १०८९ सीसीचं आणि गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. एके काळी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबरची वाट पाहावी लागे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी हीच. त्यातली शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली होती, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. पेपरात फोटो आले आणि आमचा ग्रुप पेटला.

गाडी मिळाली विलेपार्ल्यात. घरातले काका वारलेले, काकू एकट्या, एक मुलगा अमेरिकेत, एक मुलगी पुण्यात. बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार, पार्किंग ३१ जानेवारीच्या आत रिकामं करायचं. भंगारवाला तीनदा येऊन गेलेला. काकूंनी मला एकच विचारलं, "तुम्ही ही चालवणार ना? नुसती सजवून ठेवायला नको." मी सांगितलं, "काकू, आमच्या गुरुजींना आणायला नेतोय." त्यांनी किंमत वीस हजारांनी उतरवली.

आता खरा प्रश्न. पार्ले ते भातकुली साडेसहाशे किलोमीटरच्या वर. आपल्यातला एकजण, नाव घेत नाही, समोर बसून हसतो आहे, तो म्हणाला, "अबे, चालवतच आनू ना! मजा येते." मजा आली असती, पण कसाऱ्याच्या घाटापर्यंतच. तीन वर्षं उभी असलेली गाडी. ब्रेकचे रबर वाळलेले, पेट्रोलच्या टाकीत तळाला गाळ. त्याहून मोठी गोष्ट कागदांची. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून नूतनीकरण. या गाडीचं शेवटचं नूतनीकरण २०२१ मध्ये संपलं होतं, विमाही संपलेला. अशी गाडी रस्त्यावर काढायची आणि वाटेत कोणाला धक्का लागला तर? चौघांच्या पैशाचं सोडा, समोरच्या माणसाचं काय? बांधून ओढत आणायचाही एक सल्ला आला. फियाट मागच्या चाकांवर चालते. पुढचं तोंड उचलून लांब ओढली की मागची चाकं फिरतात, त्यांच्याबरोबर शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा मागचा भाग कोरडा फिरत राहतो. तेव्हा तेही नाही. गाडी ट्रकमध्येच चढवायची, हे मी ठरवून टाकलं.

पण त्याआधी कागद. मालक वारलेले असल्यामुळे मृत्यूचा दाखला, तिन्ही वारसांच्या संमती, हस्तांतराचा ३१ नंबरचा फॉर्म, आणि गाडी मुंबईच्या आरटीओतून अमरावतीला न्यायची म्हणून २८ नंबरचा फॉर्म, म्हणजे ना-हरकत. अमेरिकेतल्या मुलाची सही यायलाच बारा दिवस गेले. ३१ जानेवारी जवळ आली आणि ना-हरकत काही हातात येईना. मित्र म्हणत होते, गाडी तर उचला, कागद येतील मागून. मी ऐकलं नाही. एकदा गाडी इथे आली आणि तिकडे एखादा कागद अडला, तर भातकुलीहून पार्ल्याच्या चकरा कोण मारणार? आणि काकूंवर तरी किती ओझं टाकायचं? मग ३० तारखेला फ्लॅटबेडवर घालून गाडी भिवंडीला एका गोडाऊनमध्ये हलवली आणि दिवसाच्या भाड्याने ठेवली. एकूण सोळा दिवस. ते भाडं मला जड वाटलं नाही, कारण भिवंडीच्या गोडाऊनला माल चढवायचा धक्का असतो. ट्रकच्या फाळक्याच्या उंचीचा ओटा आणि बाजूने उतार. गाडी उतारावरून ढकलत ओट्यावर आणि ओट्यावरून सरळ ट्रकमध्ये. क्रेनने उचलायची वेळ आली नाही.

ट्रक कुठला? मोटारी वाहून नेणाऱ्या बंद कंटेनरचे भाव काढले, ते एका गाडीसाठी भातकुलीपर्यंत यायला तयार नव्हते, नागपूरला उतरवतो म्हणाले. आपल्याकडचं शहाणपण आपल्याकडेच असतं. वरूड-मोर्शीचा संत्रा वाशीच्या मार्केटला जातो, आणि ते ट्रक परतीच्या मालाच्या शोधात असतात. अशी एक रिटर्न गाडी मिळाली, सतरा फुटी. फियाट तेरा फुटांच्या आत. उरलेल्या चार फुटांत खामगावचा थोडा माल. खामगाव वाटेत आधी लागतं, म्हणून मोटार केबिनच्या बाजूला आधी चढवली आणि तो माल मागे ठेवला.

आता बिल्टी. इथे जरा थांबतो, कारण हे कोणी सांगत नाही. बुकिंगवाल्याने भाडं सांगितलं अठरा हजार आणि बिल्टीवर लिहायला घेतले सहा हजार, बाकीचे रोख द्या म्हणे. वर शिक्का, 'मालकाच्या जोखमीवर'. मी म्हटलं, पूर्ण भाडं लिहा. कारण असं. २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्यात आणि २०११ च्या नियमांत, माल हरवला किंवा मोडला तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापट धरतात, किंमत आधी जाहीर करून जास्त दर दिला असेल ते वेगळं. सहा हजार लिहिले तर साठ हजार, अठरा लिहिले तर एक लाख ऐंशी हजार. आमची गाडी एक लाख चाळीसची. तो बराच वेळ कुरकुरला, शेवटी लिहिलं. चासी नंबर आणि इंजिन नंबरही बिल्टीवर घालून घेतले, आणि काकूंचं विक्रीपत्र, आरसी बुक, ना-हरकत यांच्या प्रती ड्रायव्हरच्या हातात दिल्या. जुनी मोटार ताडपत्रीखाली घालून रात्री चाललेला ट्रक पोलिसांनी अडवला तर त्याला दाखवायला काहीतरी हवं. ट्रान्झिटचा विमा वेगळा काढला.

बांधण्यावरून ड्रायव्हरशी वाद झाला. माणूस आपल्याच अमरावतीकडचा. तो बंपरला दोर घालायला निघाला. मी अडवलं तर म्हणे, "भाऊ, तीस वर्षं झाले मले माल बांधून, तुमी काय शिकवता?" मी म्हटलं, दादा, हा माल नाही, ही हलते. बंपर पातळ पत्र्याचं, त्याला ताण बसला की वाकतं. चारही चाकांना रॅचेटचे पट्टे, चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे, गाडी गिअरमध्ये. हँडब्रेक ओढला नाही, वर्षानुवर्षं पडून असलेल्या गाडीत तो एकदा ओढला की मागची चाकं सुटत नाहीत. टाकीतलं पेट्रोल काढलं, बॅटरीची तार सोडली. आतून-बाहेरून फोटो काढले, ड्रायव्हरला त्यात उभं करून. मग तो खूश झाला, त्याने स्वतः एक पट्टा जास्त बांधला.

समृद्धी तेव्हा मुंबईपर्यंत झाला नव्हता, आणि त्याला खामगाव करायचं होतंच. नाशिक, मालेगाव, धुळे, जळगाव, मलकापूर, खामगाव, अकोला, मूर्तिजापूर. दर दोनशे किलोमीटरला पट्टे ताणून बघायचे ही अट होती, आणि त्याने ती पाळली. मलकापूरला एक सैल झालेला सापडला. मात्र लोणी-माना पट्ट्यातून, जिथे २०२२ च्या जूनमध्ये पंचाहत्तर किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत करून विक्रम झाला, तिथून ट्रक असा आला म्हणे की गाडीतली धूळसुद्धा हलली नाही.

भातकुलीत मोटार उतरवायची कुठे? आपल्या गल्ल्यांत ट्रक वळत नाही, आणि धक्का इथे एकच मिळण्यासारखा, जिनिंगचा. फेब्रुवारी, कापसाची आवक चालू. सकाळी दहाला आलेला ट्रक दुपारी दोनपर्यंत रांगेत. आपली मोटार कापसाच्या गाड्यांच्या मागे उभी आणि शेतकरी विचारतात, "हिचा भाव काय लागला?" जिनिंगच्या मालकांनी एक पैसा घेतला नाही, आज ते इथे आहेत, त्यांना नमस्कार.

पुढे अमरावतीला पासिंग. राज्यातल्या राज्यात आल्यामुळे जुना तीन अक्षरी नंबर तसाच राहिला, एमएच-२७ झाला नाही, याचा आम्हाला फार आनंद. पर्यावरण कर भरला, नवी सुरक्षा पाटी लावली. काहीजण म्हणतात व्हिंटेजचा 'व्हीए' नंबर घ्या. तो पन्नास वर्षांपुढच्या गाडीलाच मिळतो, आणि मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. २०३६ पर्यंत आपण सगळे असलो तर बघू, पण काकूंना मी चालवतो म्हणून सांगितलं आहे.

एक शेवटचं. आपला खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की पत्र्यावर पांढरे डाग आणि मागून गंज. मुंबईच्या दमट हवेने फरशीचा पत्रा आधीच खाल्ला होता, तो बदलला. आता ती फक्त पावसाच्या साठवलेल्या पाण्याने पुसली जाते. मे महिन्यात पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकावं लागतं, नाहीतर उन्हात इंजिन बंद पडतं.

जेवणानंतर ज्यांना चक्कर मारायची आहे त्यांनी चार-चारच्या गटाने यावं. सरांना आणि बाईंना घरी सोडायची वेळ पाचची आहे, तेव्हा त्याआधी. दार आपटू नका, आणि मागचं डावं दार आतून उघडत नाही, ते बाहेरून कोणीतरी उघडावं लागतं.