घबराट की हिशेब?



साथीचा रोग आला की वर्तमानपत्रांतून एक शब्द हटकून वाचावयास मिळतो. कामगारांत 'घबराट' पसरली. आम्हां शिक्षकांना शब्द पारखून घेण्याची खोड असते. म्हणून हा शब्द आज सुरतेच्या दोन प्रसंगांवर घासून पाहू. सुरत आपणांस परकी नाही. तेथील लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून पोटासाठी गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात.

१९९४ च्या सप्टेंबरात तेथे फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि थोड्याच दिवसांत लक्षावधी माणसे शहर सोडून गेली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. हा आकडा पाहून पुष्कळांनी मागाहून कामगारांच्या भित्रेपणाला नावे ठेवली. परंतु कित्येक खासगी डॉक्टरही दवाखान्यांना कुलपे लावून निघून गेले होते! रोग जाणणारा जेथे थांबत नाही, तेथे माग चालविणाऱ्याने कोणाच्या भरवशावर थांबावे? त्याचे जाणे हा हिशेब होता. गावी आजारी पडलो तर उशाशी पाणी ठेवणारे कोणीतरी असेल, एवढाच तो हिशेब.

२०२० साली कोरोना आला, तेव्हा मात्र जाण्याची वाटच उरली नाही. २४ मार्चच्या रात्री अवघ्या चार तासांच्या सूचनेने देशभर टाळेबंदी झाली आणि सुरतेचे यंत्रमाग थांबले. या मागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले असंख्य कामगार आहेत. पाळी बारा तासांची. एक पाळी कामावर असताना दुसरीने त्याच जागेवर पाठ टेकावयाची, अशा खोल्यांतून त्यांतील पुष्कळांचा मुक्काम असतो. माग बंद पडताच दोन्ही पाळ्या एकाच वेळी त्या खोलीत आल्या. मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर. माग बंद म्हणजे मजुरी बंद. बाहेर पोलीस, आत उकाडा, गावाकडे पैसे पाठवावयाचे राहिलेले, आणि हे केव्हा संपेल ते सांगणारा कोणी नाही. अशा खोलीत माणसाला झोप लागली नाही, तर त्यास मनाचा रोग म्हणावे काय? १० एप्रिलला लसकाणा भागात कामगार रस्त्यावर उतरले, जाळपोळ झाली, अटका झाल्या. १४ एप्रिलला वराछा भागात पुन्हा जमाव जमला. मागणी एकच होती : आम्हांस घरी जाऊ द्या.

जाळपोळीचे समर्थन मी करीत नाही. पण १९९४ साली गाडीत बसलेला आणि २०२० साली रस्त्यावर बसलेला, या दोघांचे मन मला एकच दिसते.

३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांची भीती आणि काळजी पोलिसांनी समजून घ्यावी, असे म्हटले. मजुरांच्या छावण्यांतून प्रशिक्षित समुपदेशक आणि सर्व धर्मांचे पुढारी यांनी जाऊन त्यांस धीर द्यावा, असेही सांगितले. विचार थोर होता. मात्र सुरतेचा माग-कामगार बहुधा छावणीत नव्हताच. तो भाड्याच्या खोलीत होता, आणि तेथे येणारा माणूस भाडे मागणारा होता. त्यास धीराच्या शब्दांआधी दोन गोष्टी हव्या होत्या : राहिलेली मजुरी आणि गाडीची तारीख. मे महिन्याच्या आरंभी सुरतेहून ओडिशाकडे श्रमिक गाड्या सुटू लागल्या, तोवर टाळेबंदीला महिना उलटून गेला होता.

ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने मनाच्या त्रासासाठी 'टेलिमानस' ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक कारखान्याच्या फाटकावर ठळक अक्षरांत लिहावा, असे मालकांस माझे सांगणे आहे. आणि ज्याच्या खोलीत दहा-बारा माणसे अंगाला अंग लावून निजतात, त्याने आपले दुखणे फोनवर बोलावे कोठे बसून, याचीही सोय त्याच फाटकाच्या आत करावी.